घराचा प्लॉट वाटून घेण्याआधी: रायपूरमध्ये मोकळे अंतर, प्लॉटची विभागणी आणि आवास योजना

हा लेख कोणासाठी आहे

वडिलांच्या नावावर एक लहान प्लॉट आहे. त्यावर जुने कौलारू किंवा पत्र्याचे घर आहे. दोन भाऊ वेगळे राहू लागले असून दोघांनाही प्रधानमंत्री आवास योजनेतून पक्के घर बांधायचे आहे. पंडरीसारख्या रायपूरच्या जुन्या, दाट वस्तीत अशी अनेक कुटुंबे आहेत. योजनेचा अर्ज भरताना त्यांच्यासमोर दोन प्रश्न येतात. प्लॉटचे दोन तुकडे करता येतील का? आणि केले तर प्रत्येक तुकड्यावर घर बांधण्याइतकी जागा उरेल का?

या प्रश्नांची उत्तरे अर्ज करण्याआधी शोधावी लागतात. भिंत उभी राहिल्यावर ती शोधली तर हप्ता थांबतो, नोटीस येते आणि भावाभावांत वाद होतो.

योजनेत काय मिळते

शहरी आवास योजनेचा पहिला टप्पा 25 जून 2015 रोजी सुरू झाला. दुसरा टप्पा, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0, सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे. ज्यांच्याकडे स्वतःची जागा आहे त्यांच्यासाठी या योजनेत 'लाभार्थीने स्वतः बांधायचे घर' हा घटक आहे. छत्तीसगढमध्ये हा घटक 'मोर जमीन मोर मकान' या नावाने ओळखला जातो.

• कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत असावे.
• भारतात कुठेही कुटुंबातील कोणाच्याही नावावर पक्के घर नसावे.
• पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. त्यामुळे लग्न झालेल्या भावाचे कुटुंब वेगळे मोजले जाते.
• घराचे चटई क्षेत्र 30 ते 45 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 ते 484 चौरस फूट असावे.
• केंद्र आणि राज्य मिळून एका घरासाठी 2.50 लाख रुपयांचे साहाय्य ठरलेले आहे. ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांत मिळते.

या घटकाची मुख्य अट जागेची आहे. जागा अर्जदाराच्या मालकीची असावी आणि तिच्यावर घर बांधण्यास कायद्याने परवानगी मिळण्याजोगी असावी.

निर्णय नेमका कोण घेतो

काही देशांत शहराचा नियोजन आयोग असतो. घर रस्त्यापासून किती आत असावे, प्लॉटचे दोन भाग करावेत की नाही, असे एकेक प्रकरण तो सुनावणी घेऊन ठरवतो. रायपूरमध्ये असा एकच आयोग नाही. येथे नियम आधीच लिहिलेले आहेत आणि वेगवेगळी कार्यालये आपापल्या भागाचा निर्णय घेतात.

1. नगर तथा ग्राम निवेश विभाग. हा विभाग 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार शहराची विकास योजना तयार करतो. कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी आणि कोणती रस्त्यासाठी राखीव, हे या योजनेत ठरते. नव्या वसाहतीचे रेखांकनही हाच विभाग मंजूर करतो.

2. रायपूर नगर पालिक निगम. घराच्या नकाशाला मंजुरी म्हणजे 'भवन अनुज्ञा' येथून मिळते. त्यासाठी छत्तीसगढ भूमी विकास नियम 1984 पाहिले जातात. मोकळ्या अंतराचे तक्ते या नियमांत आहेत.

3. तहसील कार्यालय. जमिनीची नोंद, नामांतरण आणि सीमांकन ही कामे येथे होतात. त्यांचा आधार भू-राजस्व संहिता 1959 हा आहे.

यात भर उपपंजीयक कार्यालयाची. वाटणीपत्र किंवा खरेदीखताची नोंदणी तिथे होते.

एका कार्यालयाचा होकार दुसऱ्या कार्यालयावर बंधनकारक नसतो. वाटणीपत्राची नोंदणी झाली म्हणजे दोन्ही तुकड्यांवर घर बांधायला मंजुरी मिळाली, असे होत नाही. सर्वांत जास्त फसगत याच ठिकाणी होते.

मोकळे अंतर कशासाठी

प्लॉटच्या हद्दीपासून घराच्या भिंतीपर्यंत जी जागा उघडी ठेवावी लागते तिला महाराष्ट्रात सामासिक अंतर म्हणतात. रायपूरच्या कार्यालयांत 'सेटबॅक' किंवा 'एमओएस' हे शब्द ऐकू येतील.

ही जागा निगम घेत नाही. ती तुमच्याच मालकीची राहते, फक्त तिच्यावर बांधकाम करता येत नाही. समोरची जागा रस्त्याला श्वास घेऊ देते, पाण्याची पाइप आणि गटार टाकायला सोय देते आणि पुढे रस्ता रुंद झाला तर घर वाचवते. मागची जागा स्वयंपाकघर आणि मोरीला हवा-उजेड देते. आग लागली तर माणसांना बाहेर पडायला दुसरी वाट लागते, तीही येथूनच मिळते.

किती अंतर सोडायचे हे प्लॉटचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवर ठरते. रांगेत बांधलेल्या लहान घरांना बाजूचे अंतर सहसा सोडावे लागत नाही, मात्र पुढचे आणि मागचे पाहिले जाते. तुमच्या प्लॉटचा नेमका आकडा निगमच्या झोन कार्यालयातील भवन अनुज्ञा शाखेत किंवा परवानाधारक अभियंत्याकडून लेखी घ्या. शेजाऱ्याने किती सोडले ते पाहून ठरवू नका. शेजाऱ्याचे घर जुन्या नियमांतले असेल किंवा विनापरवाना असेल.

बाहेरचा जिना ही नेहमीची चूक आहे. आत जागा वाचावी म्हणून जिना समोरच्या मोकळ्या जागेत काढला जातो. मंजूर नकाशात तो नसेल तर ते वाढीव बांधकाम ठरते.

एका प्लॉटचा हिशेब

समजा प्लॉट 20 फूट रुंद आणि 45 फूट लांब आहे, म्हणजे 900 चौरस फूट. पुढे 8 फूट आणि मागे 4 फूट सोडायचे आहे, बाजूला काही नाही. हे आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.

पर्याय 1: उभी विभागणी. प्रत्येक भावाला 10 फूट × 45 फूट. अंतर सोडल्यावर 10 × 33 फुटांचे घर बसते. दोन्ही बाजूंच्या 9 इंची भिंती वजा केल्या की आत 8.5 × 31.5 फूट राहतात. म्हणजे साधारण 268 चौरस फूट, सुमारे 25 चौरस मीटर. योजनेला किमान 30 चौरस मीटर लागतात. वर आणखी एक खोली काढल्याशिवाय घर योजनेत बसत नाही आणि मधल्या खोलीला खिडकीच राहत नाही.

पर्याय 2: आडवी विभागणी. एकाला पुढचा भाग, दुसऱ्याला मागचा. मागच्या घराला रस्त्यापर्यंत वाट हवी. ती 5 फुटांची धरली तर पुढच्या भावाची रुंदी 15 फुटांवर येते. प्रत्येक तुकड्याची लांबी 22.5 फूट. त्यातून पुन्हा 8 आणि 4 फूट सोडले की फक्त 10.5 फूट उरतात. पुढच्या घराला बाहेरून 158 चौरस फूट मिळतात, मागच्याला 210. दोन्ही घरे योजनेच्या किमान मापात येत नाहीत.

पर्याय 3: जमीन न तोडता मजले वाटून घेणे. प्लॉट एकच ठेवला तर अंतर एकदाच सोडावे लागते. तळमजल्यावर 20 × 33 फुटांपर्यंत बांधता येते. जिना आणि आतल्या भिंती वजा करून, मागे थोडी जास्त जागा उघडी ठेवून, प्रत्येक मजला 30 ते 45 चौरस मीटरमध्ये बसवता येतो. एक भाऊ खाली, एक वर.

तुकडा केला की मोकळे अंतरही दोनदा लागते आणि लहान प्लॉटवर घराची जागा निम्म्याहूनही कमी उरते. त्यामुळे आधी कागदावर नकाशा काढा आणि मग वाटणी ठरवा. तिसऱ्या पर्यायात जागा सामाईक राहते. म्हणून सहमालकांची संमती कोणत्या स्वरूपात चालेल आणि दोन कुटुंबांचे दोन अर्ज कसे घ्यायचे, हे निगमच्या आवास योजना कक्षात आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

विभागणीचे कागद कसे करावेत

वाटणी घरात बसून, चार माणसांसमोर, साध्या कागदावर लिहून होते. बऱ्याच घरांत ती वर्षानुवर्षे चालतेही. पण योजनेसाठी आणि भवन अनुज्ञेसाठी ती पुरेशी नसते.

• वारस पूर्ण लिहा. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 नुसार आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा आहे. आजी हयात असेल तर तिलाही आहे. लग्न झालेल्या बहिणीचा हक्क जात नाही. वडिलोपार्जित मालमत्तेतही 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील 2005 मध्ये हयात नव्हते तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले.

• बहिणीला वाटा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. 'ती काही मागणार नाही' हे तोंडी सांगणे कार्यालयात चालत नाही. आणि सही मागण्याआधी तिला तिचा हक्क काय आहे हे सांगितले गेले पाहिजे. तिच्या मनाविरुद्ध घेतलेली सही पुढे न्यायालयात टिकत नाही.

• वाटणीपत्र नोंदवून घ्या. नोंदणी अधिनियम 1908 नुसार स्थावर मालमत्तेत हक्क निर्माण करणारा किंवा सोडणारा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. वडिलोपार्जित मालमत्तेच्या 20 डिसेंबर 2004 नंतरच्या वाटणीसाठी कायद्याने नोंदणीकृत दस्त किंवा न्यायालयाचा हुकूमनामा मागितला आहे. साध्या कागदावरची वाटणी बहिणीच्या दाव्यापुढे उभी राहणे फार कठीण असते.

• शेतीची जमीन आणि घराचा प्लॉट यांची वाट वेगळी आहे. शेतीसाठी आकारणी असलेल्या खात्याची वाटणी भू-राजस्व संहितेच्या कलम 178 खाली तहसीलदाराकडे होते. शहरातील घराच्या प्लॉटची वाटणी नोंदणीकृत वाटणीपत्राने होते. वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून.

• वाटणीनंतर नामांतरण आणि सीमांकन करून घ्या. नोंद वेगळी झाली नाही तर अर्जावर तुमचा तुकडा दिसत नाही. जमिनीची नोंद 'भुइयां' या संकेतस्थळावर पाहता येते.

• जागा सरकारी पट्ट्याची असेल तर पट्ट्यावरच्या अटी आधी वाचा. पट्टा म्हणजे पूर्ण मालकी नव्हे. परवानगीशिवाय तो विकला किंवा तोडला तर पट्टाच धोक्यात येतो.

हप्ता कुठे अडकतो

घर मंजूर झाल्यावर पायापासून छतापर्यंत प्रत्येक टप्प्याचे फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह घेतले जातात. पुढचा हप्ता त्यावर अवलंबून असतो. पुढील गोष्टींमुळे काम थांबते.

• मंजुरी एका जागेची आणि पाया दुसऱ्या तुकड्यावर.
• नकाशापेक्षा घर पुढे सरकलेले, मोकळे अंतर व्यापलेले.
• सहमालकाने किंवा बहिणीने काम सुरू झाल्यावर हरकत घेतलेली.
• जागेचा काही भाग नाल्यावर किंवा रस्त्याच्या आखणीत येणारा.

यातील पहिल्या दोन चुका बांधकामाच्या पहिल्याच दिवशी टाळता येतात. चुना टाकून आखणी झाली की मंजूर नकाशा हातात घेऊन टेपने पुढचे आणि मागचे अंतर स्वतः मोजा. मिस्त्री अनुभवी असला तरी नकाशा त्याने पाहिलेला असेलच असे नाही. पाया भरल्यावर 2 फूट मागे जाणे म्हणजे पहिला हप्ता जमिनीत गाडणे.

जुने घर पाडण्याची घाई करू नका. मंजुरीचे पत्र, मंजूर नकाशा आणि राहण्याची तात्पुरती सोय या तीन गोष्टी हातात आल्यावरच घराला हात लावा.

शहराच्या कडेला स्वस्त तुकडा घेताना

घरात वाटणी जमत नाही म्हणून एक भाऊ बाहेर जागा पाहतो. दलाल शेतात चुना टाकून 500-600 चौरस फुटांचे तुकडे दाखवतात. येथे थांबून चौकशी करा.

छत्तीसगढमध्ये 5 डिसमिलपेक्षा, म्हणजे सुमारे 2178 चौरस फुटांपेक्षा लहान जमिनीच्या नोंदणीवर पूर्वी बंदी होती. जानेवारी 2019 मध्ये ती उठवली गेली. त्यानंतर शेतांचे लहान तुकडे मोठ्या प्रमाणात विकले गेले. 2025 मध्ये विधानसभेने भू-राजस्व संहितेत दुरुस्ती करून ग्रामीण भागातील शेतजमिनीच्या इतक्या लहान तुकड्यांवर पुन्हा बंदी आणली. म्हणजे अशा तुकड्यासाठी दिलेला विसार अडकू शकतो.

शहराच्या हद्दीत ही मर्यादा नसली तरी तीन गोष्टी पाहाव्याच लागतात: जमिनीचे डायवर्सन झाले आहे का, रेखांकन मंजूर आहे का, आणि विकास योजनेत ती जागा निवासी दाखवली आहे का. तिन्हींचा कागद दाखवता येत नसेल तर त्या जागेवर भवन अनुज्ञा मिळणे अवघड आहे, आणि भवन अनुज्ञेशिवाय आवास योजनाही नाही. अवैध प्लॉटिंग करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, पण त्यामुळे खरेदीदाराचे पैसे परत येत नाहीत.

नकार किंवा नोटीस आली तर

नकार तोंडी स्वीकारू नका. लेखी कारण मागा. कोणत्या नियमात बसत नाही हे कळले तर नकाशा बदलता येतो. आदेशावरची तारीख जपून ठेवा, कारण अपिलाची मुदत त्यावरून मोजली जाते.

बांधकाम पाडण्याची नोटीस आली तर घाबरून घर सोडू नका आणि नोटीस बाजूलाही टाकू नका. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निर्देशांनुसार कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि उत्तरासाठी किमान 15 दिवस द्यावे लागतात. तुमचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे लागते. अंतिम आदेशानंतरही अपील करण्यासाठी किंवा स्वतः बांधकाम काढण्यासाठी 15 दिवस मिळतात. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरील बांधकामाला हे संरक्षण नाही.

जुन्या वाढीव बांधकामासाठी छत्तीसगढमध्ये 2002 चा नियमितीकरण अधिनियम असून 2022 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तो आधीच झालेल्या बांधकामासाठी आहे. 'आता बांधू, पुढे नियमित करून घेऊ' असे कोणी सांगत असेल तर त्यावर घराचे पैसे लावू नका.

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील कुटुंबे यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 या क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे संपर्क करा. नगरीय सेवांच्या तक्रारीसाठी 'निदान' सेवेचा 1100 हा क्रमांक आहे.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी किमान 30 दिवस मिळतात. आपल्या गल्लीतला रस्ता किती रुंद दाखवला आहे हे पाहण्याची वेळ तीच. त्या वेळी लिहून दिलेला एक अर्ज पुढच्या अनेक वर्षांच्या धावपळीपेक्षा उपयोगी पडतो.

नागपूरचा नियम इथे चालत नाही

रायपूरच्या अनेक मराठी कुटुंबांचे नातेवाईक नागपूर, भंडारा, गोंदियाला आहेत. तिकडून सल्ला येतो: '150 चौरस मीटरपर्यंत फक्त नकाशा आणि शुल्क भरले की झाले.' महाराष्ट्राच्या डिसेंबर 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत लहान प्लॉटसाठी अशी सोय आहे. तुकडेबंदीचा 1947 चा कायदाही महाराष्ट्राचा. हे दोन्ही रायपूरला लागू नाहीत. छत्तीसगढने जानेवारी 2022 मध्ये लहान निवासी प्लॉटसाठी ऑनलाइन थेट भवन अनुज्ञा सुरू केली. पण त्यात दिलेली माहिती खरी असल्याची जबाबदारी अर्जदार आणि अभियंत्याची असते.

कार्यालयातील शब्द

• भवन अनुज्ञा: बांधकाम परवानगी
• अभिन्यास: रेखांकन, लेआउट
• नामांतरण: फेरफार
• सीमांकन: मोजणी
• बंटवारा: वाटणी
• हक त्याग: हक्कसोड
• डायवर्सन: अकृषिक परवानगी, एनए
• बी-1 आणि खसरा: सातबारा-आठ अ यांच्यासारखे जमिनीचे उतारे

अर्जावर सही करण्याआधी

1. सर्व वारसांची नावे नोंदीत आहेत का?
2. बहिणीचा वाटा किंवा हक्कसोडपत्र कागदावर आहे का?
3. तुमच्या प्लॉटला किती मोकळे अंतर लागते, हे लेखी मिळाले का?
4. ते सोडल्यावर 30 चौरस मीटर उरतात का?
5. प्लॉट तोडणे बरे की मजले वाटणे, हे नकाशा काढून पाहिले का?
6. जुने घर पाडण्याआधी मंजुरी हातात आहे का?

या सहांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर आधी ते पूर्ण करा. अर्ज, नकाशा, पावती आणि मिळालेल्या प्रत्येक उत्तराची प्रत एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज आणि मंजुरी विनामूल्य मिळवून देतो किंवा पैसे घेऊन लवकर करून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थाकडे मूळ कागद देऊ नका.